उंबरठा असावा, कुलूप नसावे

जुलै २०२५ मध्ये नेदरलँड्समधील हेग येथे पाच संघांची एक क्रिकेट स्पर्धा झाली आणि तिच्या अखेरीस इटली हा देश पुरुषांच्या वीस षटकांच्या विश्वचषकास पात्र ठरला. फुटबॉलखेरीज अन्य खेळाशी इटलीचे नाव आमच्या वाचकांपैकी फारच थोड्यांनी जोडले असेल. अखेरच्या दिवशी इटलीचा संघ यजमानांकडून नऊ गडी राखून हरला. तथापि तो अगदीच लवकर हरला नाही, आणि जर्सी या चिमुकल्या बेटाच्या संघाशी गुण समान होऊनही निव्वळ धावगतीच्या बळावर तो पुढे सरकला. त्याच दिवशी जर्सीने स्कॉटलंडला अखेरच्या चेंडूवर एका गड्याने नमविले, आणि अनेक विश्वचषक खेळलेला स्कॉटलंडचा संघ त्या पात्रता स्पर्धेतून बाद झाला. एका मैदानावर हरलेला संघ हसत होता आणि जिंकलेला संघ हळहळत होता. पात्रता स्पर्धेचे खरे रूप हेच आहे. तेथे करंडकाची झळाळी नसते. प्रत्येक धाव, प्रत्येक षटक आणि प्रत्येक चुकलेला झेल वहीत मांडला जातो, आणि वहीतील बेरीज जे सांगेल ते मान्य करून माणसे घरी जातात.

२०२६ च्या विश्वचषकातील वीस जागांपैकी बारा जागा यजमानपद, मागील कामगिरी व क्रमवारी यांनुसार ठरल्या. उरलेल्या आठ जागा खंडोखंडीच्या पात्रता स्पर्धांसाठी मोकळ्या ठेवण्यात आल्या. अमेरिका खंडातून कॅनडा आला. युरोपातून नेदरलँड्स व इटली, आफ्रिकेतून नामिबिया व झिंबाब्वे, आणि आशिया व पूर्व आशिया-पॅसिफिक विभागांच्या ओमानमध्ये झालेल्या एकत्रित स्पर्धेतून नेपाळ, ओमान व संयुक्त अरब अमिराती हे तीन संघ आले. या आठ नावांची आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही. भारतीय संघात कोण असणार आणि कोण नसणार, या चर्चेतच आपला सगळा वेळ गेला. आमच्या मते मात्र विचार करण्याजोगी गोष्ट त्या आठ जागांतच आहे, आणि तिचा संबंध चोर्ला घाटापलीकडच्या बेळगावशी, त्यातही अनगोळसारख्या उपनगरातील मैदानांशी, वाटतो त्याहून अधिक निकटचा आहे.

प्रथम इतिहास पाहू. क्रिकेट हा खेळ फार काळ मोजक्या घरांचा होता. जन्माने अथवा साम्राज्याच्या कृपेने जे आत होते ते आत राहिले, आणि बाहेरच्यांना आत येण्याची रीतसर वाटच नव्हती. १९७९ साली इंग्लंडमध्ये आयसीसी ट्रॉफी या नावाने पहिली पात्रता स्पर्धा झाली आणि ही वाट प्रथमच आखली गेली. ती स्पर्धा श्रीलंकेने जिंकली. पुढे १९८१ मध्ये त्या देशाला कसोटीचा दर्जा मिळाला आणि १९९६ मध्ये तो जगज्जेता झाला. १९८२ ची स्पर्धा झिंबाब्वेने जिंकली. दुसऱ्याच वर्षी, ९ जून १९८३ रोजी, ट्रेंट ब्रिज येथे या नवख्या संघाने ऑस्ट्रेलियाला हरवले. त्यानंतर नऊच दिवसांनी टनब्रिज वेल्सच्या मैदानावर याच झिंबाब्वेने भारताचे पाच गडी अवघ्या सतरा धावांत तंबूत धाडले होते. कपिल देव यांची नाबाद १७५ धावांची खेळी आपण अभिमानाने सांगतो. परंतु ती खेळी ज्यांच्या गोलंदाजीमुळे आवश्यक झाली, ते पात्रता स्पर्धेच्या दारातून आत आलेले खेळाडू होते, हे सांगावयाचे राहून जाते. १९९७ साली क्वालालंपूरला केनियाला हरवून बांगला देशाने हीच स्पर्धा जिंकली. अफगाणिस्तान २००८ मध्ये जर्सी बेटावरील पाचव्या श्रेणीच्या स्पर्धेत खेळत होता. २०२४ मध्ये तो वीस षटकांच्या विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत उभा होता. सोळा वर्षांत पाचव्या पायरीवरून माडीपर्यंत जाता येते ते पायऱ्या बांधलेल्या असतात म्हणून.

हे दार जसे आत घेते तसे बाहेरही ठेवते, आणि तेथे घराण्याला किंमत नसते. १९७५ व १९७९ चे पहिले दोन विश्वचषक जिंकणाऱ्या वेस्ट इंडीजला २०२३ च्या पन्नास षटकांच्या विश्वचषकासाठी हरारे येथे पात्रता स्पर्धा खेळावी लागली. तेथे स्कॉटलंडने त्याला हरवले आणि विश्वचषकाचे दार बंद झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विंडहूक येथील वीस षटकांच्या स्पर्धेत युगांडाने झिंबाब्वेला धक्का दिला. २०२४ च्या विश्वचषकास झिंबाब्वे मुकला आणि युगांडा प्रथमच पोहोचला. ज्या व्यवस्थेत मोठ्या नावालाही रांगेत उभे राहावे लागते आणि लहान नावालाही रांगेतून पुढे जाता येते, तिलाच आम्ही न्याय्य व्यवस्था म्हणतो.

यावर काही आक्षेप घेतले जातात आणि त्यांत तथ्य नाही असे नाही. पहिला आक्षेप असा की, अशा संघांमुळे सामने एकतर्फी होतात. याच युगांडाचा डाव २०२४ च्या विश्वचषकात वेस्ट इंडीजने ३९ धावांत गुंडाळला, हे खरे आहे. पण त्याच विश्वचषकात नेपाळ दक्षिण आफ्रिकेकडून केवळ एका धावेने हरला, आणि अमेरिकेने पाकिस्तानला हरवले. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये शारजा येथे नेपाळने वेस्ट इंडीजविरुद्धची वीस षटकांच्या सामन्यांची मालिकाच जिंकली. एकोणचाळीस धावा ही त्या दिवसाची हकीकत होती. तीवरून कायमचा निकाल देऊ नये. १९७४ साली लॉर्ड्सवर भारताचा कसोटी डाव ४२ धावांत आटोपला होता, आणि नऊ वर्षांनी त्याच लॉर्ड्सवर भारताने विश्वचषक उचलला. त्या बेचाळीस धावांवरून कोणी आपल्याला खेळातून काढून टाकले असते, तर आज आपण दुसऱ्याच्या लायकीची चर्चा करण्याच्या स्थितीत असतो काय?

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. हे संघ त्या त्या मातीतील नाहीत, ते स्थलांतरितांचे आहेत, असे म्हटले जाते. हेगच्या त्या स्पर्धेत इटलीचा कर्णधार जो बर्न्स हा ऑस्ट्रेलियाचा माजी कसोटीपटू होता, हे खरे. आखाती देशांचे आणि उत्तर अमेरिकेचे संघ भारत-पाकिस्तानातून गेलेल्या मुलांनी भरलेले आहेत, हेही खरे. पण ही मुले तेथे का गेली, हा प्रश्न आपण आपल्यालाच विचारावयास हवा. वसईचा स्वप्निल पाटील २०१४ व २०१५ च्या विश्वचषकांत अमिरातीकडून खेळला. मुंबईचा अल्पेश रामजानी युगांडाचा आघाडीचा गोलंदाज झाला. आणि सौरभ नेत्रावळकर याचे नाव तर आता घरोघरी माहीत आहे. २०१० मध्ये भारताच्या एकोणीस वर्षांखालील संघातून विश्वचषक खेळलेल्या या मुंबईकर मुलाला मुंबईकडून रणजी सामना मिळाला तो एकच. तो शिक्षणासाठी अमेरिकेस गेला, संगणक अभियंता झाला, आणि ६ जून २०२४ रोजी डॅलसजवळच्या मैदानावर पाकिस्तानविरुद्ध सुपर ओव्हर टाकण्यासाठी कर्णधाराने चेंडू त्याच्या हाती दिला. अठरा धावा राखायच्या होत्या. त्याने त्या राखल्या. सहा दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्याने विराट कोहली यास पहिल्याच चेंडूवर आणि रोहित शर्मा यास तीन धावांवर बाद केले.

या यशाचे श्रेय वाटताना थोडे तारतम्य हवे. अमेरिका २०२४ मध्ये यजमान म्हणून थेट आत आली होती. त्यापूर्वी २०२२ मध्ये बुलावायोच्या पात्रता स्पर्धेत तिचा संघ उपांत्य सामन्यात नेदरलँड्सकडून हरून दाराशीच थांबला होता. शिवाय मैदानावर संघ जिंकला म्हणून घरचा कारभार सुधारतो असे नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने तेथील क्रिकेट संघटनेचे सदस्यत्व निलंबित केले. परंतु एवढे मान्य करूनही मूळ मुद्दा उरतोच. नेत्रावळकर आपल्या येथे कमी पडला असे म्हणण्यापेक्षा, आपल्या येथे गुणी मुले अधिक आणि दारे थोडी, असे म्हणणे वस्तुस्थितीस धरून होईल. मात्र त्याच्यापाशी एक शिदोरी होती. तो मुंबईच्या व्यवस्थेत वाढला होता. हॅरिस आणि जाइल्स ढालींच्या शालेय स्पर्धा, पावसाळ्यातील कांगा लीग, वयोगटांचे सामने अशी ती व्यवस्था आहे, आणि त्यातील प्रत्येक सामन्याचा गुणतक्ता लिहिला जातो. फेब्रुवारी १९८८ मध्ये सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी आझाद मैदानावर ६६४ धावांची भागीदारी केली, हे जगाला कळले ते ती कोणीतरी रीतसर लिहून ठेवली म्हणून. लिहिलेली धाव खेळाडूसोबत परदेशीही जाते. न लिहिलेली धाव दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावरच विरून जाते.

येथे आम्ही अनगोळकडे वळतो. बेळगावच्या दक्षिणेचे हे मराठी वस्तीचे उपनगर. एका अंगाला उद्यमबागचे कारखाने, दुसऱ्या अंगाला उरलेसुरले भाताचे शिवार. येथील, तसेच वडगाव, शहापूर, येळ्ळूर आणि थेट निपाणीपर्यंतच्या पट्ट्यातील तरुणांचे क्रिकेटवेड सर्वांना ठाऊक आहे. पिके निघाली की शेतात खेळपट्ट्या आखल्या जातात, टेनिस बॉलच्या स्पर्धा भरतात, मंडळे वर्गणी काढतात, रोख बक्षिसे आणि पुरुषभर उंचीचे चषक मांडले जातात. पाळी संपवून आलेला कामगार तेथे सहा चेंडूंत सामना फिरवतो, आणि मंडपातून त्याच्या नावाचा जयघोष होतो. हा उत्सव आम्हांस प्रिय आहे. तथापि त्या जयघोषानंतर पुढे काय, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. त्या मुलाने हंगामात किती धावा केल्या, कोणाविरुद्ध केल्या, किती गडी बाद केले, याची नोंद कोठेही नसते. चषक मंडळाच्या कपाटात जातो, रोख रक्कम वाटली जाते, आणि मुलाच्या हाती पात्रतेचा एक कागदही उरत नाही.

यात केवळ मंडळांना बोल लावणे अन्यायाचे होईल. लेदर बॉलचे रीतसर क्रिकेट खेळून वर जाऊ इच्छिणाऱ्या बेळगावच्या मुलाची वाट सुमारे पाचशे किलोमीटरवरच्या बंगळुरूतून जाते. बेळगावात काहीच नाही असे नव्हे. कर्नाटक राज्य संघटनेचे मैदान शहरात आहे आणि २०१९ मध्ये भारत ‘अ’ व श्रीलंका ‘अ’ हे संघ येथे खेळून गेले. बेळगावात जन्मलेला वेगवान गोलंदाज रोनित मोरे कर्नाटककडून रणजी खेळला. म्हणजे बेळगावच्या मातीत गुण नाही किंवा वाट अगदीच बंद आहे, असे म्हणता येणार नाही. परंतु एखाद-दुसरा पोहोचला म्हणून वाट सोपी आहे असेही ठरत नाही. निवड चाचणीसाठी दोन दिवसांची रजा, रात्रीचा प्रवास, लॉजचे भाडे आणि किटचा खर्च ज्या घराला झेपतो, त्या घरातील मुलगाच चाचणीला पोहोचतो. बाकीच्यांची पात्रता मैदानावर ठरण्याआधीच घरच्या हिशेबाच्या वहीत ठरून जाते.

आम्ही गोवेकरांनी हे बंगळुरूला सांगताना आपल्या अंगणाकडेही पाहिले पाहिजे. १९८५-८६ मध्ये गोवा प्रथम रणजी स्पर्धेत उतरला, तेव्हा आपणही क्रिकेटच्या नकाशावरील उपेक्षितच होतो. अलीकडे आपली घसरण झाली आणि २०२४-२५ च्या हंगामात गोव्याला खालच्या प्लेट गटात खेळावे लागले. त्या गटात पर्वरीच्या मैदानावर स्नेहल कवठणकर आणि कश्यप बखले यांनी अरुणाचल प्रदेशाविरुद्ध ६०६ धावांची अभेद्य भागीदारी केली. रणजीच्या इतिहासात एवढी मोठी भागीदारी पूर्वी झाली नव्हती. त्या सामन्यात अरुणाचलचा पहिला डाव ८४ धावांत संपला होता. विक्रमाचा आनंद आम्हांसही झाला. पण त्या हंगामातील खरी कमाई ती नव्हती. खालच्या गटात पडलेला संघ तेथे खेळून, जिंकून २०२५-२६ साठी पुन्हा वरच्या गटात परतला, ही खरी कमाई होय. नियमाने खाली उतरविले आणि नियमानेच वर घेतले. कोणापुढे हात जोडावे लागले नाहीत, कोणाची शिफारस लागली नाही. मोठ्या नावाच्या मुलालाही दुसरे दार शोधावे लागते, हेही आपण येथेच पाहिले. मुंबईत संधी मिळेना म्हणून अर्जुन तेंडुलकर २०२२ मध्ये गोव्याकडे आला आणि पर्वरीलाच रणजी पदार्पणात त्याने शतक केले. तेंडुलकरांच्या घरच्या मुलास जर शेजारच्या दाराची गरज पडते, तर अनगोळच्या कामगाराच्या मुलास ती किती पडत असेल?

म्हणून आमच्या सूचना तीन आहेत. पहिली, कर्नाटक संघटनेस. बेळगाव व निपाणी येथे दरवर्षी जाहीर तारखांना, लेदर बॉलवर, तालुकावार संघांची खुली पात्रता स्पर्धा घ्यावी. तिच्यातून किती खेळाडू पुढील चाचणीस घेणार, हा आकडा आधीच प्रसिद्ध करावा. निवड समितीने मैदानावर यावे. मुलांनी समितीच्या दारी जावे ही रीत आता पुरे झाली. दुसरी सूचना गोव्याच्या संघटनेस. बाहेरचे नामांकित खेळाडू पाहुणे म्हणून आणण्यापूर्वी घाटापलीकडे, सव्वाशे किलोमीटरच्या परिसरात, नियमात बसणारे कोण गुणी तरुण आहेत हे पाहावे. सराव सामने, निमंत्रितांच्या स्पर्धा यांना बेळगावचे संघ बोलावण्यास तर कोणताच नियम आड येत नाही. तिसरी सूचना अनगोळ आणि परिसरातील मंडळांस. बक्षिसाच्या रकमेतील थोडा वाटा प्रशिक्षित पंच आणि गुणलेखक यांवर खर्च करावा, प्रत्येक सामन्याचा गुणतक्ता जपावा आणि हंगामाच्या अखेरीस प्रत्येक खेळाडूच्या कामगिरीचे पत्रक छापावे. टेनिस बॉलच्या खेळालाही आता नवी दारे उघडत आहेत. २०२४ मध्ये ठाण्यात सुरू झालेल्या इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीगने ते दाखवून दिले आहे. उद्या कोणी निवडीसाठी आलाच, तर त्याच्या हाती ठेवण्यास चषकाच्या छायाचित्रापेक्षा हे पत्रक अधिक उपयोगी पडेल.

हा सीमाप्रश्नाचा लेख नव्हे. बेळगाव-निपाणीच्या मराठी जनतेच्या भावना आम्ही जाणतो. त्या प्रश्नावरील महाराष्ट्राचा दावा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला, हेही सर्वांस ठाऊक आहे. परंतु वीस वर्षे उलटली तेव्हा जन्मलेले मूल आज गोलंदाजी करू लागले आहे. न्यायालयाचा निर्णय केव्हाही येवो, वेगवान गोलंदाजाच्या खांद्याची उमेदीची वर्षे त्याच्यासाठी थांबत नाहीत. आंतरराष्ट्रीय परिषदेच्या नियमानुसार तीन वर्षे एखाद्या देशात राहिलेला परका त्या देशाच्या संघातून विश्वचषक खेळू शकतो. मग पिढ्यान् पिढ्या एकाच गावात राहिलेल्या मुलास आपल्या राज्याच्या चाचणीपर्यंत पोहोचणे इतके अवघड का असावे, एवढाच आमचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मराठी आणि कानडी, दोन्ही घरांतील मुलांसाठी हवे आहे. गोकाकच्या आणि अथणीच्या मुलासही बंगळुरू तितकेच लांब आहे.

जागतिक क्रिकेटच्या कारभाऱ्यांसही जाता जाता एक गोष्ट सांगितली पाहिजे. पन्नास षटकांच्या विश्वचषकातील संघांची संख्या २०१५ मध्ये चौदा होती, ती २०१९ मध्ये दहावर आणली गेली. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट परत येत आहे, पण तेथे पुरुषांचे संघ अवघे सहा आहेत. दार उघडायचे आणि गर्दी झाली की पुन्हा लोटून घ्यायचे, ही रीत खेळाला मोठे करीत नाही. वीस षटकांच्या विश्वचषकातील वीस जागा राखल्या पाहिजेत, आणि दोन विश्वचषकांच्या मधल्या काळात या लहान संघांना मोठ्या संघांशी सामने मिळाले पाहिजेत. एरवी पात्रता म्हणजे दोन वर्षांतून एकदा मिळणारे जेवणाचे आमंत्रण ठरेल. तेवढ्याने कोणाची भूक भागत नाही.

पात्रता शिथिल करा, असे आम्ही म्हणत नाही. अनगोळच्या मुलाला राखीव जागा द्या, अशीही आमची मागणी नाही. तशी भीक तो स्वतःच नाकारील. उंबरठा उंच असावा, तो ओलांडण्यास दम लागावा, आणि ज्याला तो ओलांडता आला नाही त्याने हार मान्य करून पुढील हंगामाची तयारी करावी. परंतु उंबरठा कोठे आहे, किती उंच आहे आणि दार कोणत्या दिवशी उघडते, हे त्याला आधी कळले पाहिजे. इटलीला ते कळले होते, युगांडाला कळले होते, प्लेट गटातील गोव्यालाही कळले होते. बेळगाव आणि निपाणीच्या मुलांना ते कळावे, यासाठी दोन्ही राज्यांच्या संघटनांनी येत्या हंगामाच्या आत तारखा जाहीर कराव्यात. तेवढे झाले, तर बाकीचे काम ही मुले बॅटने आणि चेंडूने स्वतः करतील.